हात दुखावलाय, अ‍ॅम्प्लिफायर अर्धवट आहे : थांबायचं कसं आणि परत बसायचं कधी

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांसाठी हकिकत आधी थोडक्यात सांगतो. जांबोटीहून खानापूरला येताना पावसात मोटारसायकल घसरली, उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं, डॉक्टरांनी दोन तारा घालून प्लॅस्टर केलं. घरात बसून जीव कंटाळला, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तुम्ही डाव्या हातानं अ‍ॅम्प्लिफायरचं उरलेलं काम काढलंत. आधी सोल्डर आयर्न निसटून डाव्या तर्जनीला पोळलं. मग चार दिवसांनी, भिंतीतली पिन काढलेली असताना, सप्लायच्या कंडेन्सरचा (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा) झटका बसला आणि मागे गेलेला हात कपाटावर आपटला. घरचे म्हणतात, हे सगळं सामान विकून टाक. गल्लीतल्या मंडळाला गणपतीत हाच सेट देतो असा शब्द तुम्ही दिलाय. तुमचे प्रश्न तीन : काम हळूहळू चालू ठेवू का, बंद करायचं तर अर्धवट सेट पावसाळ्यात कसा ठेवू, आणि परत कधी बसू.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. आजपासून पूर्ण बंद. ‘एवढा एक बोर्ड संपवतो’ म्हणूनही नको. मी डॉक्टर नाही, हाडाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची पॅनेलं दुरुस्त करण्यात आणि घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधण्यात माझी उमर गेली आहे, आणि दुखऱ्या हातानं बेंचवर बसलेल्या माणसाला दुसरी दुखापत कशी होते ते मी पुष्कळ वेळा पाहिलंय. तुमच्या बाबतीतही तेच झालंय. मनगट रस्त्यावर मोडलं, पण पुढच्या दोन्ही जखमा त्या मनगटामुळे झाल्या.

असं का, ते नीट सांगतो, कारण कारण पटल्याशिवाय तुम्ही थांबणार नाही.

सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून जोड देणं, हे दोन हातांचं काम आहे. एका हातात आयर्न, दुसऱ्यात तार. तुमचा उजवा हात गळ्यात, म्हणून तुम्ही सोल्डरची तार टेबलाच्या कडेला टेपनं चिकटवली आणि तापलेलं आयर्न तिच्याकडे नेऊन, टोकाला थेंब घेऊन परत बोर्डवर आणत होता. म्हणजे जी वस्तू एका जागी राहायला हवी तीच टेबलभर फिरत होती. साठ-चाळीसची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) तार १८३ अंशांना मऊ पडायला लागते आणि १९० पर्यंत पूर्ण वितळते. आयर्नचं टोक मात्र ३५० च्या आसपास असतं. शिवाय असा वाहून आणलेला थेंब सांध्यावर पडेपर्यंत त्यातला फ्लक्स (जोड धरायला मदत करणारी राळ) जळून गेलेला असतो, त्यामुळे सांधा धरत नाही. त्या आठवड्यात तुम्ही केलेले सांधे पुढे जाऊन ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेले पण आतून न धरलेले, निघतील हे धरून चाला. म्हणजे एवढं सोसून कामही झालेलं नाही.

दुसरी गोष्ट तारांची. मनगटात घातलेल्या तारांची टोकं अनेकदा कातडीच्या बाहेर ठेवतात आणि त्यावर पट्टी असते. तुमची तशी असतील तर विचार करा : ती उघडी धातूची तार थेट हाडापर्यंत गेलेली आहे. कातडी विजेला जो काही अडथळा करते तो त्या जागी उरलेलाच नाही. घामानं किंवा पावसानं ओलं झालेलं प्लॅस्टरही इन्सुलेशन नव्हे. काही जण म्हणतात, ‘विजेचं काम एका हातानं करावं, दुसरा खिशात ठेवावा, मग माझा तर आपोआपच बांधलेला आहे.’ त्या नियमातला खिशातला हात धडधाकट, कोरडा आणि लांब असतो. गळ्यात लटकवलेला हात छातीशी, बोर्डवर वाकल्यावर नेमका चॅसिसच्या, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याच्या, वर येतो.

तिसरी गोष्ट झटक्याची, आणि हिच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. तुमचा सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्टचा, दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर. धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन, असा हिशोब केला तर एका बाजूला साधारण ६.१ ज्यूल, दोन्ही मिळून सव्वाबारा ज्यूल ऊर्जा तिथे साठलेली असते. दोन टोकांमध्ये ७० व्होल्ट. कोरड्या, जाड कातडीला हे कित्येकदा नुसतं चुरचुरतं. तुमच्या तर्जनीवर भाजल्याचा फोड होता आणि बोटं घामेजलेली होती, म्हणून तो जोरात जाणवला. पण खरा मार कंडेन्सरनं दिला नाही. हात आपोआप मागे झटकला गेला, त्यानं दिला. डावा हात कपाटावर आपटला हे नशीब. तोच झटका खांद्यातून उजव्या बाजूला गेला असता तर जुळत आलेल्या हाडावर ताण आला असता. हाड जुळेपर्यंत दचकायला लावणारी कोणतीही गोष्ट तुमच्या टेबलावर नको, मग ती कितीही कमी व्होल्टची असो.

तुम्ही लिहिलंय की घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेली आहे, म्हणून तशी भीती नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी फार चांगली गोष्ट आहे, प्रत्येक घरात हवी. पण ती मेन्समधून, म्हणजे घरात येणाऱ्या विजेतून, जमिनीकडे गळणारा करंट ओळखते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, सेकंडरीच्या (आउटपुट वाइंडिंगच्या) बाजूला काय चाललंय ते तिला दिसत नाही. कंडेन्सर तर पिन काढल्यावरही भरलेला असतो. तिथे ती काय करणार? फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी हात लागला, तरीही ती पडेलच असं नाही.

आणि औषधं. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, रात्री झोपही नीट झालेली नसते. अशा दिवशी मल्टिमीटरचा नॉब करंटवर आहे की व्होल्टेजवर, हे बघायचं राहून जातं.

हातासाठी थोडंसंच सांगतो. पोळल्यावर तुम्ही टूथपेस्ट लावली. पुढच्या वेळी ती लावू नका, हळद-तूपही नको, बर्फही नको. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली हात धरा, अंगठी लगेच काढा, फोड फोडू नका. पोळलेली जागा सांध्यावर आहे, तेव्हा पुढच्या तपासणीला तीही दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते सांगा. प्लॅस्टरमधली बोटं सुजली, निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तारांच्या जागी लाली, पू किंवा अंगात ताप असेल तरीही तसंच. झटक्यानंतर धडधड, चक्कर असं काही झालं असेल तर ईसीजी करून घ्या. आपल्या भागात प्लॅस्टर काढल्यावर हाडवैद्याकडून चोळून घ्यायची पद्धत आहे. तारा घातलेल्या मनगटाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणालाही चोळू देऊ नका, माणूस कितीही नावाजलेला असो.

आता मंडळाचं. आजच जाऊन सांगा, गणपतीच्या आठ दिवस आधी नको. सेट भाड्यानं मिळतात, बेळगावात मिळतात तसे खानापुरातही मिळतात, आणि आत्ता सांगितलंत तर त्यांना बरा सेट बघायला वेळ राहील. माझं याहून पुढचं म्हणणं असं की तुमचा हात ठणठणीत असता तरी हा सेट यंदा मंडपात जायला नको होता. पहिल्यांदा बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर आधी घरात महिना-दीड महिना वाजला पाहिजे, तापला पाहिजे, रात्री करंट जाऊन आल्यावर नीट सुरू झाला पाहिजे. मंडपात खाली ओल, वर पत्रे, लांबून ओढलेली वायर आणि आवाजाच्या बटणाला हात लावणारी दहा पोरं. अर्थिंग कुठे दिलंय ते कोणालाच माहीत नसतं. तिथे आपल्या हातचा, पारखून न घेतलेला सेट अकरा दिवस ठेवणं मला मान्य नाही. शब्द मोडतोय असं वाटून घेऊ नका. माणसं आपल्या गल्लीतलीच आहेत, तुमचा हात त्यांना दिसतोय.

तर सेट बंद करून ठेवायचा. हेही एक काम आहे आणि ते तुम्ही करायचं नाही. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं, हात दुसऱ्याचे. तुमच्या लिहिण्यात एका मित्राचा उल्लेख आहे, मोटार रिवाइंडिंग करणारा. त्याला एका संध्याकाळी बोलवा. उजेड असताना, घाई नसताना.

पहिलं काम कंडेन्सर रिकामे करणं. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढायची पद्धत सोडून द्या. टोक वितळतं, धातूचे कण उडतात, कंडेन्सरच्या आतल्या जोडाला मार बसतो, आणि पुन्हा तेच दचकणं. १०० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावा. पिन भिंतीतून काढलेली आहे हे दोघांनीही डोळ्यांनी बघा. मग क्लिप आधी एका बाजूच्या कंडेन्सरला, नंतर दुसऱ्या बाजूच्या. १०० ओहम आणि १०,००० मायक्रोफॅरड यांचा टाइम कॉन्स्टंट एक सेकंद, म्हणजे पाच सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याखाली येतं. तरी अर्धं मिनिट धरा. नंतर मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून बघा. क्लिप काढल्यावर आकडा पुन्हा थोडा चढताना दिसेल. मोठ्या कंडेन्सरचा तो स्वभाव आहे. परत एकदा क्लिप लावा. त्यानंतर प्रत्येक कंडेन्सरला २.२ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा आडवा सोल्डर करायला मित्राला सांगा. ३५ व्होल्टला त्यात अर्ध्या वॅटहून किंचित जास्त उष्णता होते, म्हणून २ वॅटचा. यापुढे पिन काढल्यावर दोन मिनिटांत सप्लाय स्वतःच रिकामा होत जाईल. हा रेझिस्टर आधीच असता तर तुम्हाला झटका बसलाच नसता. अनेक तयार नकाशांत तो दाखवलेलाच नसतो, ही माझी फार जुनी तक्रार आहे.

मग काम एखाद्या टप्प्यावर आणून थांबवा. तुमच्याकडे ५२०० आणि १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांची एक जोडी हीटसिंकवर (उष्णता काढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर) बसलीय, दुसरी नुसती पायांवर लोंबकळतेय. तिला मायका (वीज अडवणारी अभ्रकाची चकती) आणि उष्णता वाहून नेणारं कंपाउंड लावलंय की नाही हे तुम्हालाच नक्की आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशी अवस्था ठेवून डबा बंद करू नका. आज आठवत नाही, तर तीन महिन्यांनी काय आठवणार? एक तर मायका-वॉशरसकट बसवून, ट्रान्झिस्टरचा कलेक्टर (मधला पाय) आणि हीटसिंकमध्ये विजेची वाट नाही हे मल्टिमीटरच्या बझरवर तपासून ठेवा, नाही तर काढून पुडीत बांधून वर लिहून ठेवा. बायसचा (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणाऱ्या थोड्या करंटचा) प्रीसेट, म्हणजे फिरवायचा छोटा रेझिस्टर, सगळ्यात कमी करंटच्या बाजूला फिरवून ठेवा आणि ती बाजू कोणती ते मार्करनं बोर्डवर बाणानं दाखवा.

ट्रान्सफॉर्मरच्या वायरींचे रंग लिहून ठेवा. वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला रंगांचा नियम नसतो. तुमच्या २५-०-२५ मध्ये मधली वायर काळी आहे की पिवळी, हे आत्ता तुमच्या डोक्यात पक्कं आहे, दिवाळीपर्यंत राहणार नाही. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. वहीत लिहा : काय झालंय, काय मोजलंय, त्या दिवशीचे आकडे, आणि पुढचं पहिलं पाऊल कोणतं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘डावा चॅनेल बाकी’ असं मोघम नको. ‘डाव्या बोर्डवर आर १४ लावायचा, मग दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर, मग स्पीकर न लावता सिरीज बल्बवर’ एवढं नेमकं हवं. ते लिहायला जड जात असेल तर तुम्ही सांगा आणि मुलीला लिहू द्या.

शेवटी फ्यूज काढून पुडीत बांधा आणि पिनटॉप कापून टाका. नुसतं गुंडाळून ठेवलेलं पुरत नाही. घरात भाचा-पुतण्या येतो, सेट बघतो आणि वाजतोय का बघू म्हणून स्विचबोर्डात खुपसतो. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा : अर्धवट आहे, मेन्सला लावू नये. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत. तुमच्याकडे कामाला येणारी, शेजारची, भाड्यानं राहणारी मुलं कोणती भाषा आधी वाचतील ते आपल्या भागात सांगता येत नाही.

पावसाळ्यात ठेवायचं कसं, हा तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे जांबोटी, कणकुंबी. तिथल्या पावसात भिंतीसुद्धा घाम गाळतात. अथणी-कागवाडकडच्या माणसाला मी धुळीपासून जपायला सांगितलं असतं, तुम्हाला ओलीपासून सांगतो. माळ्यावर ठेवू नका. कौलारू घरात माळा म्हणजे गळती आणि उंदीर, आणि उंदराला वायरचं प्लॅस्टिक फार आवडतं. जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, मधला खण.

बोर्डावर फ्लक्स राहिला असेल तर मित्राकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. तारेतला राळेचा फ्लक्स तितका त्रास देत नाही. पण कुठे डबीतली अ‍ॅसिडची पेस्ट वापरली असेल, तर ती दमट हवेत तांब्याचे पट्टे हिरवे करून खाते. ती पहिल्यांदा साफ करा. बोर्ड घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ओल भरली असं समजायचं. ते १२० अंशांच्या आसपास तापवून परत वाळवता येतात. त्यासाठी स्वयंपाकाची भांडी किंवा तवा वापरू नका. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं रसायन असतं. सुट्या आयसी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. ट्रान्सफॉर्मर जड आहे, तो वेगळा, खालच्या खणात, कागदात. तुम्ही उचलू नका.

मल्टिमीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा, ती पाझरली तर आतले पट्टे जातात. आयर्नचं टोक पुसून नव्या सोल्डरचा थर चढवून ठेवलं तर गंजत नाही. ब्लूटूथच्या भागासाठी घेतलेले लिथियमचे सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे ठेवू नका. साधारण अर्धे, म्हणजे एका सेलला ३.७ ते ३.८ व्होल्ट, आणि बोर्डापासून सोडवून. फेरिक क्लोराइडचं उरलेलं द्रावण या सगळ्यापासून लांब, खोलीच्या बाहेर ठेवा. त्याच्या वाफेनं पक्कड-चिमट्यांना गंज चढतो. धातूच्या डब्यात ते अजिबात चालत नाही. आणि थंड पेयाच्या बाटलीत भरलं असेल तर आजच्या आज बदला. तपकिरी रंगाचं ते पाणी तहानलेल्या लेकराला कशासारखं दिसतं ते सांगायला नको. जाड प्लॅस्टिकची बाटली, घट्ट झाकण, वर नाव आणि कुलपाचं कपाट.

एवढं केलंत तर सेट सहा महिने, वर्षभर निवांत राहतो. कंडेन्सरही तेवढ्यात खराब होत नाहीत. कित्येक वर्षं पडून राहिले तर मात्र त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये, रेझिस्टरमधून हळूहळू चढवावं लागतं. तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

विकायचं का? दुखत असताना विकू नका. औषधाच्या गुंगीत, घरच्यांच्या काळजीत आणि स्वतःवरच्या रागात ठरवलेली किंमत पण चुकते आणि निर्णय पण. सामान कपाटात गेलं, टेबल रिकामं दिसलं, की घरच्यांची अर्धी काळजी तिथेच कमी होते. त्यांची भीती खरी आहे, तिला उगाच खोडून काढू नका. त्यांना एवढं कबूल करा, की यापुढे मेन्सवर काम असेल तेव्हा घरात दुसरं मोठं माणूस जागं असेल, आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला माहीत असेल. हे मी स्वतःच्या घरातही पाळतो.

मधल्या काळात काय करू, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पहिले काही आठवडे काहीच करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले बोटांचे व्यायाम मात्र न चुकता करा. मनगट मोडल्यावर बोटं आखडून बसणं हे पुढे फार छळतं, आणि आपलं सगळं काम बोटांच्या टोकांचं. तुमच्या वडिलांच्या रेकॉर्डसाठी हा सेट बांधताय म्हणता, तर त्या तोपर्यंत साध्या स्पीकरवर ऐका. कुमार गंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीचे; त्यांचं निर्गुणी भजन चार इंचाच्या स्पीकरवरही पोचतं. प्लॅस्टर सुटल्यावर, दुखणं ओसरल्यावर, माउस डाव्या हातात घेऊन एलटीस्पाइसवर (सर्किट चालवून दाखवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर) हाच नकाशा चालवून बघा. फुकट मिळतं, आणि त्यात चुकीचा रेझिस्टर लावला तर धूर येत नाही.

आता परत कधी. मनगटाचं हाड जुळायला साधारण सहा आठवडे धरतात, तारा बहुधा त्याच सुमाराला काढतात. पण हाड जुळलं म्हणजे हात परत आला असं होत नाही. मुठीतली ताकद यायला कित्येकांना अनेक महिने जातात. म्हणून मी तुम्हाला तारीख सांगणार नाही. डॉक्टरांनी हात वापरायला मोकळीक दिल्यावर पुढच्या गोष्टी करून बघा, आणि जी जमणार नाही तिच्यापाशी थांबा.

टेबलावर मऊ फडकं पसरून त्यावर पाव वॅटचे रेझिस्टर टाका. दुखऱ्या हातानं एकेक उचला, पाय काटकोनात वाकवा आणि जुन्या बोर्डच्या भोकांत बसवा. चिमूट सुटते का, अंगठ्याच्या बुडाशी कळ येते का ते बघा. मग आयर्न हातात घ्या, पिन न लावता, गार. पेन धरतो तसं धरून जुन्या आयसीच्या एकेका पायावर टोक ठेवा, मनात तीन अंक मोजा, उचला, पुढचा पाय. दहा मिनिटं. शेवटच्या मिनिटालाही टोक पायावरच पडत असेल, शेजारी घसरत नसेल, तर हात आयर्न धरायला तयार झालाय. मधेच थरथर सुरू झाली तर आठवडाभरानं पुन्हा. थरथर होत असताना ‘आता जमेल’ म्हणून पिन लावायची नाही.

त्याहून महत्त्वाची परीक्षा स्पर्शाची. डोळे मिटा आणि दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या बोटांच्या टोकांना एकदा गार, एकदा कोमट चमचा लावायला सांगा. प्रत्येक बोटाला ओळखू आलं पाहिजे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर वाटत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते; डॉक्टरांना सांगा. बधिर बोट पोळतं तेव्हा कळत नाही, वास आल्यावर कळतं. तुमच्या डाव्या तर्जनीवर आलेली नवी कातडीही बरेच दिवस नाजूक राहील, तिचीही परीक्षा घ्या.

या सगळ्यातून पार पडलात तरी पहिल्याच दिवशी हा अ‍ॅम्प्लिफायर कपाटातून काढू नका. टीडीए २०३० या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचा एखादा छोटा बोर्ड घ्या, बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा. तो पूर्ण बांधा, वाजवा. एका बैठकीला अर्धा तास, घड्याळ लावून. मनगट दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणतंय ते बघून पुढची बैठक. असे दोन-तीन छोटे बोर्ड झाले आणि सकाळची कळ आली नाही, की मग मोठा डबा काढा. आणि आधी तिसऱ्या आठवड्यातले डाव्या हाताचे सांधे भिंगाखाली बघा. जे मंद, गोळ्यासारखे किंवा कडेनं तडकलेले दिसतील ते सगळे उपसून नव्यानं भरा.

पहिल्यांदा मेन्सवर घ्याल तेव्हा फेजमध्ये ६० वॅटचा तंतूचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये हवा. एलईडीचा चालत नाही, त्याला तंतू नाही. मित्राला शेजारी बसवा. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर, मग रेक्टिफायर-कंडेन्सर, मग उजवा चॅनेल, शेवटी डावा. प्रत्येक पायरीला बल्ब क्षणभर पेटून मंदावला पाहिजे. उजळच राहिला तर लगेच बंद करा, दोन मिनिटं थांबा, कंडेन्सर मोजा आणि मगच आत हात घाला. बल्ब मंद आहे, दोन्ही रेल (सप्लायच्या अधिक आणि उणे बाजू) जवळपास सारख्या आहेत, असं झालं की स्पीकर न लावता आउटपुट आणि ग्राउंडमधलं डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बल्ब काढून पुन्हा तेच मोजा, मग बायस लावा. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. सुरुवातीला एवढं पुरे. ऑफसेट, म्हणजे आउटपुटवरचं हे डीसी, जास्त आला, तर स्पीकर लावायचा नाही. दोन्ही रेलचे आकडे, ऑफसेट आणि बल्ब कसा पेटला होता हे मला लिहून पाठवा, बोर्डाचा खालच्या बाजूनं काढलेला फोटो जोडा. त्यावरून पुढचं सांगतो.